डेबियन: स्टेबल टाकू की अनस्टेबल?

तुम्ही विचारलंय ते असं: नवा लॅपटॉप घेतलाय, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्याच्यावरच करायचाय, आणि डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्टेबल, म्हणजे पक्क्या, आवृत्तीतलं सॉफ्टवेअर जुनं असतं असं मित्र सांगतात. मग थेट अनस्टेबल, म्हणजे सतत बदलत राहणारी सिड, टाकू का? माझं मत स्पष्ट आहे: नका टाकू. स्टेबलच घ्या.

जुनं असतं हे अर्धंच खरं. डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तिच्यात कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१२ आणि पायथन ३.१३ आहे; कॉलेजच्या प्रोजेक्टला याहून नवं सहसा लागत नाही. पुढची स्टेबल येईपर्यंत, साधारण दोन वर्षं, बहुतेक पॅकेजेसची (सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्यांची) मूळ आवृत्ती तीच राहते. मधे सुरक्षेची त्रुटी सापडली तर दुरुस्ती त्याच आवृत्तीत बसवून देतात. आवृत्तीच्या आकड्यामागे 'डेब१३यू१' (deb13u1) असं शेपूट दिसलं, तर आकडा जुना असला तरी दुरुस्ती आत आलेली आहे असं समजा.

सिडचं तसं नाही. नवं पॅकेज साधारणपणे आधी तिथे येतं. काही दिवसांत नवा गंभीर बग निघाला नाही आणि चाचण्या पास झाल्या, की ते टेस्टिंगमध्ये, म्हणजे सिड आणि स्टेबलच्या मधल्या टप्प्यात, सरकतं. टेस्टिंग गोठवून (नवे बदल थांबवून), घासूनपुसून पुढची स्टेबल तयार होते. म्हणजे बग पहिल्यांदा भेटतो तो सिड वापरणाऱ्याला. २०२४ च्या सुरुवातीला, ३२-बिट सिस्टिमवर २०३८ साली येणारी तारखेची अडचण सोडवायला शेकडो लायब्ररींची (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या सामायिक कोडची) पॅकेजेस बदलली, नावामागे 'टी६४' लागलं. ते काम चालू असताना सिडवर फुल-अपग्रेड (सगळी सिस्टिम अद्ययावत करणारी आज्ञा) केलं की एपीटी, म्हणजे पॅकेजेस बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम, काढून टाकायच्या पॅकेजेसची लांबलचक यादी दाखवायचं. यादी न वाचता सवयीने एंटर दाबला तर कामाची पॅकेजेसही जाणार. सबमिशनच्या आदल्या रात्री हे नको.

त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमचं प्रकरण झालं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरवाट घातली होती. सिड वापरणारे प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला आणि ती उघडकीला आली. तोवर ती सिड आणि टेस्टिंग दोन्हींत पोचली होती, स्टेबलमध्ये नव्हती. अशा माणसांमुळेच स्टेबल सुरक्षित राहते, म्हणून सिड वापरणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते काम वेळ देऊन, लक्ष ठेवून करायचं असतं.

टेस्टिंग हा मधला मार्ग वाटतो, पण रोजच्या वापरासाठी मला तो पटत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या तिथे बहुधा सिडमधून येतात, आणि वाटेत एखादं पॅकेज अडकलं की त्या रखडतात.

नव्या लॅपटॉपची खरी अडचण म्हणजे वायफाय किंवा ग्राफिक्स. डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर (वायफायसारख्या भागांना चालू करणारं सॉफ्टवेअर) येतं, त्यामुळे बरंचसं तिथेच सुटतं. तरीही काही चाललं नाही, तर ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स (स्टेबलसाठी बांधलेली नवी पॅकेजेस) चालू करून फक्त नवा कर्नल आणि फर्मवेअर घ्या. एखादं ॲप ताजंच हवं असेल तर ते फ्लॅटपॅकमधून (सिस्टिमपासून वेगळं ॲप बसवायची सोय) घ्या. सिडची ओळ सोर्सेसमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत) घालून चार पॅकेजेस उचलायचा मोह मात्र टाळा. एकामागोमाग एक लायब्ररी ओढल्या जातात आणि सिस्टिम ना इकडची राहते ना तिकडची. स्टेबलवरून सिडवर केव्हाही जाता येतं, सिडवरून मागे यायचं तर पुन्हा इन्स्टॉल करण्यावाचून भरवशाचा रस्ता नाही.

सिड शिकायचंच असेल तर जुन्या मशीनवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका आणि पहिल्याच दिवशी एपीटी-लिस्टबग्ज बसवा. अपग्रेडच्या आधी ते त्या पॅकेजेसचे नोंदलेले गंभीर बग समोर ठेवतं, मग पुढे जायचं की थांबायचं ते तुम्ही ठरवा.