आततायी नेमका कोण?

विचारणा अशी: अमेरिकेतल्या केनोशा शहरात निदर्शनांच्या वेळी रिटनहाऊस या तरुणाने अंगावर धावून आलेल्यांवर गोळ्या झाडल्या. त्या खटल्यावर वाद घालताना एक गट रिटनहाऊसला ‘आततायी’ म्हणतो, दुसरा त्याच्या अंगावर धावलेल्यांना. बरोबर कोण?

‘उतावळा, अविचारी’ हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडतो. ‘आतताई’ लिहिणाऱ्यांना मात्र सोडवत नाही. अहो, या शब्दात ताई नाही, ताण आहे! ‘आ’ अधिक ‘तन्’, त्यावरून आतत, म्हणजे ताणलेलं. पुढे ‘अय्’, जाणं. धनुष्याची दोरी ताणून चालून येणारा तो आततायी. शतरुद्रियात, म्हणजे यजुर्वेदातल्या रुद्रस्तोत्रात, रुद्राला ‘आतताविने’ म्हणून नमस्कार आहे आणि तिथेच त्याच्या ‘अनातत’ आयुधालाही. आयुध तेच, दोरी ताणली की नाही एवढाच फरक.

यावर धर्मशास्त्राचे जाणकार ‘अग्निदो गरदश्चैव’ म्हणत सहा आततायी मोजून दाखवतात: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा, धन, शेत किंवा बायको पळवणारा. ही यादी झाली. व्युत्पत्ती कुठे आहे? विष घालणारा कुठली दोरी ताणतो?

मनुस्मृती म्हणते, ‘आततायिनमायान्तं हन्यादेवाविचारयन्’. चालून येणाऱ्या आततायीला विचार न करता मारावंच. शब्दातच येणं असताना पुन्हा ‘आयान्तं’ कशाला? तोवर धनुष्य विसरलं गेलं होतं, म्हणून. आणि माझा लाडका तर्क पुढेच आहे. इथला अविचार मारणाऱ्याचा. मराठीत तो शेजारच्या शब्दाला चिकटला आणि मरणाऱ्याचं नाव मारणाऱ्याला लागलं! कोशवाले याला ‘अर्थविस्तार’ म्हणून मोकळे होतात. विस्तार कसला, ही सरळसरळ अदलाबदल.

हां, केनोशा. २५ ऑगस्ट २०२० च्या रात्री दोघे ठार, एक जखमी. खटला अडला तो जुन्याच अर्थावर: बंदूक आधी कुणी रोखली? सरकारी पक्षाने ड्रोनचं चित्रण मोठं करून ‘रिटनहाऊसने’ असं सांगितलं. बचाव पक्षाने त्या अंधुक ठिपक्यांवरच हरकत घेतली. जखमी साक्षीदाराने उलटतपासणीत कबूल केलं, की त्याचं स्वतःचं पिस्तूल रोखलेलं असताना त्याला गोळी लागली. १९ नोव्हेंबर २०२१ ला ज्युरीने रिटनहाऊसला सगळ्या आरोपांतून सोडलं. पहिला मृत निःशस्त्र होता. तो बंदूक हिसकावू पाहत होता, असं बचाव पक्षाचं म्हणणं. दुसऱ्याच्या धनुष्याला हात घालणाऱ्यासाठी शतरुद्रियात शब्द नाही.