ग्रुपमधले दोघं काहीच करत नाहीत, लीडरने काय करायचं?

तू लिहिलंयस की पाच जणांचा ग्रुप आहे, तीन आठवडे उरलेत, दोघं मेसेज बघतात पण उत्तर देत नाहीत आणि आता सगळं आपणच करून टाकावं असं वाटतंय. मी कॉलेजात तीन प्रोजेक्टची लीडर होते आणि आता बरीच वर्षं मुलांच्या ग्रुपना गाइड करतेय, म्हणून कळकळीने सांगते, सगळं अंगावर घेऊ नकोस.

आधी हे बघ की त्या दोघांना नेमकं काय काम दिलं होतं. 'तू माहिती गोळा कर', 'तू प्रेझेंटेशनचं बघ' असं सांगितलं असेल तर ते काम दिलंच नाही असं समज. 'गुरुवारी रात्रीपर्यंत सर्व्हेचे १५ प्रश्न या फाइलमध्ये' हे काम. एका कामापुढे एकच नाव, दोन नावं लिहिली की दोघंही एकमेकांची वाट बघतात. मॅक्स रिंगेलमन नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने माणसांना दोर ओढायला लावून हे मोजलं होतं, १९१३ साली ते छापून आलं, माणसं वाढतात तसा प्रत्येकाचा जोर कमी पडत जातो. पुढे १९७९ मध्ये टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून केलेल्या प्रयोगातही तेच दिसलं, आणि १९८१ मधलं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळल्यावर ती ढिलाई जवळपास गेलीच. म्हणजे प्रत्येकाचं काम सगळ्यांना दिसलं पाहिजे, बस.

आणि गप्प बसलेला प्रत्येक जण कामचुकार नसतो गं/रे. माझ्या दुसऱ्या प्रोजेक्टात एक मुलगा दहा दिवस गप्प होता, मी मनातल्या मनात त्याला भरपूर नावं ठेवली. शेवटी लायब्ररीत त्याच्या शेजारी जाऊन बसले, लॅपटॉप उघड म्हटलं, तर फाइलमध्ये नुसतं शीर्षक आणि खाली कोरं. सर्व्हेचे प्रश्न कसे काढायचे तेच त्याला कळलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. तिथेच बसून तीन प्रश्न आम्ही मिळून लिहिले, उरलेले बारा त्याने त्याच रात्री पाठवले. म्हणून ग्रुपवर सगळ्यांसमोर झापू नकोस, एकेकट्याला गाठ आणि 'कुठे अडलंय' एवढंच विचार.

दुसरी गोष्ट जोडाजोडीची, ती शेवटच्या रात्रीवर अजिबात ठेवू नकोस. आमच्या रिपोर्टात एका भागात सर्व्हे ६२ जणांचा होता आणि दुसऱ्यात ५८ जणांचा, कारण दोघांनी वेगवेगळ्या दिवशीचा डेटा घेतला होता, आणि हे कळलं रात्री दीड वाजता. त्यापेक्षा आजच एक सामायिक फाइल कर, सगळी शीर्षकं टाक, प्रत्येकाने आपला भाग त्यातच लिहायचा, कच्चा असला तरी चालेल.

मीटिंग आठवड्यातून दोनदा, १५ मिनिटं, काय झालं काय अडलं एवढंच.

एवढं करूनही कोणी आठवडाभर हललं नाही तर गाइडकडे जा, पण लगेच, सबमिशनच्या आदल्या दिवशी नाही. कोणाला कोणतं काम कधी दिलं आणि काय आलं ते कागदावर घेऊन जा, रागाने काही बोलू नकोस. दोन आठवडे हातात असताना गाइडला कामं बदलून देता येतात, शेवटच्या दिवशी त्यालाही फार काही करता येत नाही.