वडिलांच्या ग्रामोफोन तबकड्या लावण्याआधी

घाई करू नका. आधी टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारं यंत्र, पाणसळीत आणा. सुईचं झाकण काढा, अँटी-स्केटिंग (सुईची आतल्या बाजूची ओढ रोखणारी कळ) शून्यावर ठेवा आणि मागचं वजन फिरवत टोनआर्म (सुई धरणारा दांडा) हवेत आडवा तरंगेपर्यंत थांबा. तिथे आकड्यांची चकती शून्यावर लावून मग कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर दिलेला भार सुईला द्या. बऱ्याच मूव्हिंग मॅग्नेट (सर्रास मिळणाऱ्या, हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजना २ ग्रॅमच्या आसपास लागतो. भीतीपोटी कमी ठेवू नका. हलकी सुई खाचेत उडते आणि खाच खरवडते, माझी एक लाडकी एलपी अशीच गेली. भार मोजायला छोटा डिजिटल काटा घ्याच. आवाज बारीक, पत्र्यासारखा आला तर फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारा डबा) जोडायचा राहिलाय. आणि हो, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना एलपीची सुई लावू नका, त्यांची खाच रुंद असते.