कोकणातील सड्याखालून (जांभ्या दगडाच्या सपाट, उघड्या पठाराखालून) वाहणाऱ्या पाण्याचा आवाज संगीतासाठी ध्वनिमुद्रित करता येतो का?

होय, करता येतो. मात्र साधा मायक्रोफोन मुख्यतः वाराच टिपतो, म्हणून कातळाला चिकटवायचा काँटॅक्ट मायक्रोफोन किंवा विहिरीच्या पाण्यात सोडायचा हायड्रोफोन वापरावा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्याचे कवच कठीण असले तरी सच्छिद्र असते. त्यातून झिरपणारे पाणी खालची मऊ, चिकणमातीसारखी माती हळूहळू वाहून नेते आणि तेथे नळ्या व पोकळ्या तयार होतात, ज्यांतून वाहणाऱ्या पाण्याचा घुमारा खरोखर ऐकण्यासारखा असतो. पावसाचे थेंब थेट कातळावर आपटले की हा घुमारा त्या आवाजात बुडून जातो, त्यामुळे मुसळधार पावसानंतरची उघडीप साधावी. प्रत्येक सड्याखाली पोकळी असतेच असे नाही, आणि जेथे ती असते तेथे वरचा पातळ थर खचण्याचा धोका असल्याने स्थानिक माणसाला विचारूनच उपकरणे मांडावीत.