वाचक विचारतात : पटाशीला दर वेळी नवाच आकार का येतो?

या वेळची बहुतेक पत्रं लेथच्या पटाश्यांच्या धारेवरचीच आहेत, त्यामुळे लाखेच्या पॉलिशचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न (फोंड्याहून) : नमस्कार दादा. मी मिनी लेथवर (लाकूड गरागरा फिरवून कोरायच्या छोट्या यंत्रावर) वाडगे करतो, पावसात पडलेल्या आंब्या-फणसाचं लाकूड फुकट मिळतं. हार्डवेअरवाल्याकडून ६ इंची बेंच ग्राइंडर घेतलाय, करड्या दगडांचा. हाताने धार लावतो पण बाउल गाउजच्या, म्हणजे वाडगे कोरायच्या पन्हाळीदार पटाशीच्या, तोंडाला चार-पाच पैलू पडतात, टोक निळं होतं आणि मग गाउज लाकडात गपकन अडकतो. दर वेळी एकाच कोनात पटाशी धरून ठेवणारं परदेशी जिग बघितलं तर किंमत ऐकूनच गप्प बसलो. जिग घेऊ की ८ इंची स्लो स्पीड ग्राइंडर? का पंख्याचा रेग्युलेटर लावून याचाच स्पीड कमी करू?

उत्तर : रेग्युलेटरचं आधी, कारण ते करून बसलात तर मोटर जळेल. बेंच ग्राइंडरची मोटर इंडक्शनची असते, तिचा स्पीड ठरतो आपल्या ५० हर्ट्झच्या करंटवर आणि आत किती पोल (चुंबकी टोकं) आहेत त्यावर, दोन पोल असतील तर २८५० च्या आसपास आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि चार पोल असतील तर १४२५ च्या आसपास. रेग्युलेटर लावला की फक्त जोर कमी होतो, दगडाला पटाशी टेकवली की मोटर अडते आणि तापते. तेव्हा ते डोक्यातून काढा.

आता ८ इंची स्लो. चांगला असतो, नाही म्हणत नाही. तुमच्या ६ इंची दगडाची कड सेकंदाला साधारण २२ मीटर पळते आणि ८ इंची १४२५ वाल्याची १५ मीटर, म्हणजे लोखंड सावकाश जातं, नवशिक्याला विचार करायला वेळ मिळतो. पण पैलू पडतायत ते स्पीडमुळे नाही, प्रत्येक वेळी तुमचा हात वेगळ्या कोनात टेकतोय म्हणून. ८ इंचीवरही तेच होईल, जरा हळू होईल इतकंच. त्यामुळे पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर आधी दगड बदला आणि जिग घरी करा. ग्राइंडर आहे तोच राहू दे.

दगड पांढरा घ्या, व्हाइट ॲल्युमिनियम ऑक्साइड, ८० किंवा १२० ग्रिट (कणांच्या बारीकपणाचा आकडा). ग्राइंडरबरोबर येणारा करडा दगड वेल्डिंगवाल्याच्या कामाचा, तो कडक असतो, एचएसएसवर (हाय स्पीड स्टील, उष्णता सोसणारं पोलाद) लगेच चकचकीत होतो आणि मग कापायचं सोडून नुसता घासतो, निळं होण्याचं निम्मं कारण तेच. पांढरा दगड मऊ, त्याचे बोथट कण आपोआप सुटतात. तरी डायमंड ड्रेसर, म्हणजे दगडाची कड खरवडून ताजी करणारं हत्यार, लागतोच, दगड चमकायला लागला किंवा पटाशी थडथडायला लागली की एक हलका हात फिरवायचा. दगड घेताना भोकाचं माप आणि लेबलवरचा आरपीएम बघा, तो मोटरपेक्षा जास्तच हवा.

आता जिग. वोल्व्हरिन म्हणून जे कॅनडाचं जिग प्रसिद्ध आहे त्यात जादू काही नाही. दगडाच्या खालून पुढे येणारी एक दांडी, तिच्या टोकाला व्ही आकाराचा खिसा, आणि गाउज पकडायला पाय असलेला एक छोटा क्लॅम्प. पाय खिशात ठेवायचा आणि गाउज डावी-उजवीकडे झुलवायचा. शेवटी आकार तीन गोष्टींवर ठरतो: क्लॅम्पच्या पुढे गाउज किती बाहेर आहे, क्लॅम्पचा पाय किती तिरका आहे, आणि खिसा दगडापासून किती लांब आहे. या तिन्ही दर वेळी तशाच ठेवल्या की दर वेळी तोच आकार येतो. एकही हलली की नवा पैलू.

पहिल्यासाठी टेबलाच्या कडेला एक लाकडी ठोकळा स्क्रूने बसवा, ४५ मिलिमीटर खोल खाचेचा. गाउजचं टोक खाचेच्या तळाला टेकवायचं, क्लॅम्प ठोकळ्याला भिडवायचा आणि आवळायचं. दुसऱ्यासाठी क्लॅम्पच्या पायावर मार्करने खूण. तिसऱ्यासाठी दगडाची कड आणि खिसा यांच्यामध्ये बसेल अशी एक काठी कापून ठेवा, प्रत्येक पटाशीची वेगळी, वर नाव लिहून. काठी दगडाच्या कडेपासून मोजत असल्यामुळे दगड झिजून लहान झाला तरी काम भागतं. आणि आपल्याकडची एक गोष्ट, ही काठी लाकडाच्या रेषांच्या दिशेने लांब कापा, आडवी नको. पावसात लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. एमडीएफ तर वापरूच नका, आषाढात त्याचं काय होतं ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

कोन जमलाय का हे बघायला धारेमागचा उतार मार्करने काळा करा, ग्राइंडर बंद ठेवून दगड हाताने फिरवा आणि कुठली शाई गेली ते बघा. फक्त टोकाची गेली तर कोन जास्त बोथट होतोय, फक्त टाचेची (उताराच्या मागच्या कडेची) गेली तर जास्त निमुळता, सगळीकडची गेली तर चालू करा. बाउल गाउजला ५५ ते ६० अंश ठेवा, स्पिंडल गाउजला (लांबट कामावर नक्षी काढायच्या) ३५ ते ४०, रफिंग गाउजला (चौकोनी लाकूड आधी गोल करायच्या) ४५. इंटरनेटवर यावर हमरीतुमरी चालते, माझं म्हणणं कुठलाही एक कोन धरा आणि तीन महिने बदलू नका.

एकदा हे बसलं की धार लावणं म्हणजे दगडाला दोन-चार वेळा हलकं झुलवणं, ठिणग्या धारेच्या वरून यायला लागल्या की थांबायचं. जोर लावायचा नाही. गाउज बोथट व्हायची वाट बघत बसू नका. सागवानात आणि माडाच्या लाकडात सिलिका असते, ती धार खाते, त्यामुळे अशा लाकडावर एका वाडग्यात दोन-तीनदा ग्राइंडरकडे जावं लागलं तर ते नॉर्मल आहे. आंबा त्या मानाने सोपा.

आणि हो, तुम्ही लिहिलं नाही पण विचारून घेतो, वाडगा रफिंग गाउजने तर नाही ना खोदत? त्याचं शेपूट मुठीत जातं तिथे बारीक असतं, वाडग्यात अडकला तर तिथून मोडतो. तो फक्त लांबट कामासाठी, पायांसाठी, लाटण्यांसाठी.

प्रश्न (पेडण्याहून) : सासऱ्यांच्या पेटीत लेथच्या जुन्या पटाश्या मिळाल्या, गंज चढलाय. ते पाळण्याचे खांब, पाट असं करायचे, कुंकळ्ळीच्या चितारींचं लाखकाम बघून शिकलेले. मुलाला या पटाश्या वापरायच्या आहेत. एचएसएस आहेत की साध्या पोलादाच्या ते कसं ओळखायचं, आणि धार लावताना पाण्यात बुडवायच्या का?

उत्तर : ताई, ग्राइंडरवर ठिणगी बघायची. आधी जुनी कानस टेकवा, पिवळट पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या दिसतील, ते कार्बन पोलाद. मग एचएसएस लिहिलेला ड्रिल बिट टेकवा, ठिणग्या मंद, तांबूस, न फुटणाऱ्या. आता सासऱ्यांची पटाशी कुणासारखी ते मुलालाच सांगू दे. इतक्या जुन्या असतील तर बहुतेक कार्बनच निघतील.

कार्बन असेल तर पाण्याचा डबा शेजारी ठेवायचा आणि सारखं बुडवायचं, कारण निळा रंग साधारण ३०० अंशाला येतो आणि तोपर्यंत पोलादाचं पाणी उतरलेलं असतं, तेवढा भाग मऊ पडतो, मग निळं संपेपर्यंत घासून काढण्याशिवाय इलाज नाही. एचएसएसचं उलट. ते ५०० अंशांपर्यंत दाद देत नाही, निळं झालं तरी चालतं, पण तापलेलं असताना पाण्यात बुडवलं तर धारेवर डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडू शकतात. त्याला हवेतच थंड होऊ द्या.

गंज बारीक सँडपेपरने आणि शिलाई मशीनच्या तेलाने निघेल. गाउजच्या आतल्या पन्हाळीतला गंज मात्र नीट काढा. बाहेरून कितीही धार लावा, आत खड्डे असतील तर धार करवतीसारखी येते. पावसात ओल्या लाकडावर काम झालं की पुसून तेलाचा हात फिरवून मगच ठेवायच्या.

प्रश्न (म्हापशाहून) : दगडाऐवजी सीबीएन व्हील (क्युबिक बोरॉन नायट्राइडच्या कडक कणांचं चाक) घ्यावं का?

उत्तर : रोज लेथवर असाल आणि सगळ्या पटाश्या एचएसएस असतील तर घ्या. ते झिजत नाही, ड्रेस करावं लागत नाही, जिगचं सेटिंग हलत नाही. साधं मऊ लोखंड किंवा कार्बन पोलाद त्यावर घासायचं नाही, कण भरून बसतात. शनिवार-रविवारच्या हौसेसाठी पांढरा दगड पुष्कळ झाला.

प्रश्न (कुडचड्याहून) : ग्राइंडर खाली पडला. दगडाला बाहेरून काही दिसत नाही. वापरू?

उत्तर : असाच चालू करू नका. प्लग काढा, दगड उतरवा, भोकात बोट घालून लटकवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका, दोन्ही बाजूंनी. ठण्ण असा स्वच्छ आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत चीर आहे, दगड फोडून टाका म्हणजे दुसरं कुणी उचलून लावणार नाही. परत बसवताना दोन्ही बाजूंचे कागदी वॉशर विसरू नका, नट बेताने आवळा, टूल रेस्ट (पटाशी टेकवायची पट्टी) आणि दगडात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. गॉगल लावा, हातमोजे घालू नका, आणि चालू केल्यावर पहिलं एक मिनिट दगडासमोरून बाजूला उभे राहा.