पहिली काही वर्षं मुलं कुठे होती?

या वेळी एकाच वाचकाचं लांबलचक पत्र घेतलंय, त्यातले चार प्रश्न असे आहेत की बऱ्याच क्लबवाल्यांना उपयोगी पडतील.

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या सेवाभावी क्लबला ५० वर्षं होतायत आणि स्मरणिकेत क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मुलांसाठी आणि तरुणांसाठी काम करणारा क्लब अशीच आमची ओळख आहे, सगळे म्हणतात पहिल्या दिवसापासून हेच चालू आहे. पण जुनी मिनिट्स, म्हणजे बैठकांची इतिवृत्तं, काढून वाचली तर पहिली काही वर्षं मुलांचा उल्लेखच नाही हो! आता काय लिहू?

जे सापडलं तेच लिहा. आणि लाजायचं काही कारण नाही, कारण जगभर ज्यांची नावं घेतली जातात त्या क्लबांचीही हीच गोष्ट आहे. रोटरी घ्या. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील आणि त्याचे तीन दोस्त, त्यात एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनिअर आणि एक शिंपी, एका ऑफिसात जमले. हेतू काय तर ओळखी वाढाव्यात, एकमेकांच्या धंद्याला हात मिळावा. मीटिंग आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात व्हायची म्हणून नाव रोटरी. समाजासाठीचं पहिलं काम त्यांनी १९०७ मध्ये हाती घेतलं ते कशाचं, तर शहरात सार्वजनिक संडास बांधून घ्यायचं. मला तर हे फार आवडतं, पण कुठल्याच पदग्रहणाच्या भाषणात हे ऐकल्याचं आठवत नाही 😄

किवानिस ही रोटरीसारखीच आणखी एक क्लबांची संस्था, ती १९१५ मध्ये डेट्रॉइटला सुरू झाली तीही मेंबरांनी एकमेकांना धंदा द्यावा म्हणून, सेवेकडे गाडी नंतर वळली. लायन्स १९१७ ची. तिचा संस्थापक मेल्विन जोन्स स्वतः इन्शुरन्सवाला, शिकागोतल्या एका व्यापारी मंडळाचा मेंबर, पण त्याच्या डोक्यात आलं की ही सगळी हुशार माणसं फक्त आपल्याच गल्ल्याकडे बघत बसलीत. मग त्याच वर्षी त्यांच्या अधिवेशनात ठरलं की मेंबरांचा आर्थिक फायदा हा कुठल्याही क्लबचा उद्देश असता कामा नये. म्हणजे बघा, नियम करावा लागला याचाच अर्थ तोवर तसं चालत होतं.

मुलं आली ती नंतर आणि बहुतेक वेळा बाजूच्या दाराने, कुणातरी एका शिक्षकामुळे नाहीतर कोचमुळे. लिओ क्लब म्हणजे लायन्सचा पोरांसाठीचा क्लब, त्याची गोष्ट तर अगदी मैदानावरची आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या अ‍ॅबिंग्टन हायस्कूलचा बेसबॉल कोच जिम ग्रेव्हर हा स्वतः लायन, त्याने १९५७ मध्ये आपल्या खेळाडूंनाच गोळा केलं, सगळी मिळून ३५ पोरं, आणि क्लब काढला. मुख्य संस्थेने लिओला आपला अधिकृत कार्यक्रम केला १९६७ मध्ये. दहा वर्षांनी! त्याच्याही आधी १९२५ मध्ये सॅक्रामेंटोच्या हायस्कूलमध्ये किवानिसच्या लोकांनी 'की क्लब' (Key Club) नावाचा क्लब सुरू केला होता, तिथे पोरं जेवायला जमायची आणि व्यापारी येऊन आपापल्या कामाविषयी बोलायचे.

तर तुम्ही मिनिट्समध्ये ती पहिली नोंद शोधा जिथे एखाद्या मुलाचा, शाळेचा किंवा मॅचचा उल्लेख येतो. ठराव कुणी मांडला, किती पैसे मंजूर झाले, कुणी विरोध केला का. तुमच्या क्लबची खरी हिस्ट्री तिथून सुरू होते, स्थापनेची तारीख त्याच्या आधी एका ओळीत आली तरी पुरे.

प्रश्न : आमच्या युवा विभागातली पोरं विचारतात की आम्ही क्लबचे मेंबर की नुसते खुर्च्या लावणारे? त्यांचा इतिहास वेगळा लिहावा का?

पोरांचा प्रश्न बरोबर आहे आणि मोठ्या संस्थांनाही तो छळत आलाय. रोटरीचं इंटरॅक्ट, म्हणजे शाळकरी मुलांचा क्लब, १९६२ मध्ये फ्लोरिडात एका हायस्कूलच्या २३ विद्यार्थ्यांनी सुरू झालं, ते १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी. रोटरॅक्ट १९६८ चं, त्याच्या वरच्या वयाचं. पण रोटरॅक्टवाले कित्येक वर्षं कागदोपत्री रोटरीचा एक 'कार्यक्रम' होते, मेंबर नव्हेत. तो दर्जा मिळाला २०१९ मध्ये, आणि तिशी उलटली की बाहेर, ही अट गेली ती २०२० मध्ये. म्हणजे पन्नासेक वर्षं लागली.

वेगळा इतिहास नका लिहू, मग तो शेवटच्या पानावर जातो. त्याच मजकुरात घ्या, आणि तो भाग पोरांनाच लिहायला द्या. थोडं वाकडंतिकडं लिहितील, चालेल.

प्रश्न : सुरुवातीला आमच्याकडे बायकांना मेंबरशिप नव्हती. कार्यकारिणी म्हणते जुनं कशाला उकरायचं?

उकरा! कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या रोटरी क्लबने मेंबर कमी पडायला लागले म्हणून १९७७ मध्ये तीन बायकांना घेतलं, तर संस्थेने १९७८ मध्ये क्लबची सनदच काढून घेतली. क्लबवाले काय कच्चे नव्हते, त्यांनी स्वतःला 'एक्स रोटरी क्लब' म्हणवून काम चालूच ठेवलं आणि कोर्टात गेले. ४ मे १९८७ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने क्लबच्या बाजूने निकाल दिला, आणि मग बाकीच्या मोठ्या क्लबांनीही दारं उघडली. ऑप्टिमिस्ट या आणखी एका सेवाभावी क्लबवाल्यांचं ब्रीद आधी 'मुलग्यांचा मित्र' अशा अर्थाचं होतं, ते नंतर 'तरुणाईचा मित्र' झालं. एका शब्दात केवढी हिस्ट्री आहे बघा. तुमच्या जुन्या लेटरहेडवर, बॅनरवर असे बदललेले शब्द सापडतात का ते जरूर बघा. आणि त्या काळात 'सौ. अमुक' म्हणून ज्या बायकांनी स्वयंपाक, हिशोब, शिबिरातली पोरं सगळं सांभाळलं पण मेंबर-यादीत ज्यांचं नाव नाही, त्यांच्या घरी जा. फोटोंचे अल्बम त्यांच्याकडेच असतात, आणि फोटोत कोण कोण आहे हेही त्याच सांगू शकतील. मागे पेन्सिलने नावं तेवढी लगेच लिहून घ्या, नंतर कोणालाच आठवत नाही.

प्रश्न : आणि आजवरच्या ५० अध्यक्षांची यादी, प्रत्येकाच्या फोटोसकट? ते सगळे मागे लागलेत.

एक पान. बारीक टाइपात. शेवटी.