धाकट्या बहिणीच्या जन्मापासून साडेतीन वर्षांचा मुलगा पुन्हा चड्डी ओली करतो, बाटलीने दूध मागतो, बाळाला चिमटे काढतो. काय करावे?

चड्डी ओली करणं, बाटली मागणं, बोबडं बोलणं हे या दिवसांत नेहमीचंच आहे. सगळे बाळाकडे बघतात, तर मीही बाळ होतो, एवढाच त्याचा हिशोब. बाटली मागितली तर द्या, दोन घोट पिऊन कंटाळेल. चड्डी काही न बोलता बदला. "एवढा घोडा झालास तरी" असं मात्र घरात कुणालाही म्हणू देऊ नका.

माझं दुसरं बाळंतपण माहेरी झालं तेव्हा थोरला तुमच्या मुलाएवढाच होता. आपल्याकडे बाळ आलं की सगळे मोठ्याला बाजूला नेतात. आजीजवळ झोप, मावशीबरोबर बागेत जा, आईला त्रास देऊ नको. माया असतेच त्यात, पण त्याला नेमकी आईच हवी असते. म्हणून मी उलट केलं. पाजणं तेवढं माझ्याकडे ठेवलं. तेल, अंघोळ, लंगोट, झोपवणं हे आईवर आणि मालीशवाल्या मावशींवर सोपवलं. अंघोळीनंतर दूध पिऊन बाळ गाढ झोपतं, ती वेळ थोरल्याची. तेव्हा मलाही पडून राहायचं असे, मग तोही शेजारी आडवा व्हायचा आणि त्याच्याच गप्पा चालायच्या. बाळाचा विषय मी काढत नसे. रोजची वेळ ठरलेली असली की मुलाला ती भांडून मिळवावी लागत नाही. सिझेरियन झालं असेल तर त्याला उचलू नका, बसून जवळ घ्या.

तान्हं बाळ दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पितं आणि मोठ्याचा दंगा बहुतेक तेव्हाच सुरू होतो. त्याची पुस्तकं, थोडा खाऊ पाजायच्या जागेजवळच ठेवा.

दोघांना खोलीत एकटं सोडू नका, क्षणभरही नाही. चिमटा काढला तर हात धरा आणि "बाळाला दुखतं, मी काढू देणार नाही" एवढंच सांगा. मग पावलांना हळूच हात लावायला शिकवा. बाळाला सुरुवातीला वीतभर अंतरावरचंच नीट दिसतं, तेव्हा मोठ्याचा चेहरा तेवढा जवळ आणून "बघ, तुझ्याकडे बघतेय" म्हणा. साधारण दीड महिन्यानंतर बाळ त्याच्याकडे बघून हसायला लागलं की बरंच सोपं जातं.

बारशाला येणाऱ्यांना आधीच बजावा. "आता तुझे लाड संपले", "बाळाला आम्ही घेऊन जातो" ही थट्टा मुलाला खरी वाटते. मला याची फार चीड येते, आणि पाहुण्यांना तिथेच थांबवण्यात काहीही उद्धटपणा नाही.

नवीन बालवाडी, वेगळं अंथरूण असले बदल सध्या पुढे ढकला. आणि लघवीला जळजळ, ताप किंवा सारखी तहान असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून मुलांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.